टिळकांनी नेमकं काय स्थापन केलं?

रत्नागिरीत 23 जुलै 1856 रोजी जन्मलेल्या लोकमान्यांच्या खात्यावर जयंतीच्या भाषणांत दोन संस्था हमखास जमा होतात: फर्ग्युसन कॉलेज आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. पहिलीत त्यांचा वाटा आहे. दुसरी निघाली तेव्हा ते हयात नव्हते.

फर्ग्युसनची सुरुवात शाळेपासून झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरी हायस्कुलातली सरकारी नोकरी सोडली आणि 1880 च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. टिळक आणि माधवराव नामजोशी त्यांचे सोबती होते. पुढे वामन शिवराम आपटे आणि आगरकर येऊन मिळाले. 1882 मध्ये चिपळूणकर गेले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये कॉलेज उभं राहिलं. पहिले प्राचार्य आपटे. टिळक गणित शिकवत. सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून वाद विकोपाला गेले आणि 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. म्हणजे ते संस्थापकांपैकी एक, एकमेव नव्हेत. कॉलेजला नाव मिळालं ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं!

विद्यापीठाची गोष्ट उलटी. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून 1921 मध्ये हे विद्यापीठ निघालं. 1987 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याला टिळकांचं नाव दिलं, कारण स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री त्यांनीच लोकांच्या गळी उतरवली होती. विचार त्यांचा, उभारणी अनुयायांची.

असा घोटाळा लंडनमध्येही झाला. युनिव्हर्सिटी कॉलेजचा संस्थापक म्हणून तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचं नाव घेतात. 1826 मध्ये संस्था निघाली तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी भागभांडवलात पैसे घातले, पण उभारणी इतरांनी केली. पुढे हेन्री टाँक्स यांनी चित्रात त्यांना इमारतीचे आराखडे मंजूर करताना दाखवलं आणि दंतकथा पक्की झाली.

टिळकांचं मोठेपण उसन्या श्रेयावर उभं नाही. तेव्हा पुढच्या जयंतीला फर्ग्युसनचं श्रेय देताना चिपळूणकर, आगरकर, आपटे, नामजोशी हीही नावं घ्यावीत आणि विद्यापीठाबद्दल बोलताना ‘संस्थापक’ऐवजी ‘प्रेरणास्थान’ म्हणावं.