व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे दात घासणे हाही उपचारच

बेंगळुरू : जे. पी. नगरमधील रुग्णालय असो वा एखादे जिल्हा रुग्णालय, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला मूळ आजाराखेरीज न्यूमोनियाचाही धोका असतो. श्वासनलिकेतील नळीमुळे त्याला नीट खोकता येत नाही आणि घशात साचलेली जंतुयुक्त लाळ नळीच्या फुग्याभोवतीच्या फटींतून फुप्फुसांत झिरपते. सात भारतीय शहरांतील १२ अतिदक्षता विभागांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे १०.४६ आढळले होते.

प्रतिबंधाचे उपाय महागडे नाहीत. खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, गुंगीचे औषध गरजेपुरतेच द्यावे. मुखस्वच्छतेबाबत मात्र मत बदलले आहे. क्लोरहेक्सिडिनने तोंड स्वच्छ करणे अनेक वर्षे नित्याचे होते. त्याने मृत्यूचे प्रमाण वाढत असावे, या शंकेमुळे २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते टाळण्यास आणि साध्या ब्रशने दात घासण्यास सांगितले.

अर्थात, नळी लवकर निघणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय. त्यासाठी गुंगी थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, याची चाचणी रोज व्हावी लागते. ती आज झाली का, हे नातेवाईकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.