ऐंशी मिनिटांचा आरोपी

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाचं दोन गोष्टींबद्दल ठाम मत असतं. एक मेसची आमटी आणि दुसरं म्हणजे शेजारच्या रूममधलं म्युझिक. आमटीबद्दलचं मत निदान आमटी खाऊन तरी बनलेलं असतं. म्युझिकच्या बाबतीत तेवढीही गरज कोणाला वाटत नाही. हे मी इतरांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. माझाच गुन्हा कबूल करतेय.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये 'जगातला सगळ्यात बोअर अल्बम कोणता' यावर वाद रंगला. मी शाळेपासून रॉक ऐकते, त्यामुळे या विषयातली स्वयंघोषित एक्स्पर्ट! मी लगेच ठोकून दिलं, "येस बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. चार गाणी, ऐंशी मिनिटं, आणि खुद्द त्यांचा कीबोर्डवाला कंटाळून बँड सोडून गेला!" सगळ्या हसल्या. माझी रूममेट मात्र हसली नाही. ती मिरजेची आहे आणि लहानपणापासून गाणं शिकते. तिने एवढंच विचारलं, "तू पूर्ण ऐकलायस का?"

मी म्हणाले, "छे गं, पूर्ण कोण ऐकतं?"

ती काही बोलली नाही, पण ते माझंच वाक्य मला टोचत राहिलं. म्हणजे मी पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेला निकाल वाचून दाखवत होते. साक्षीपुरावा काहीच तपासला नव्हता. जूनच्या शेवटी घरी, कोयनानगरला जाताना मी तो अल्बम फोनवर उतरवून घेतला. कराड ते कोयनानगर एसटीला दीड-दोन तास लागतात. ऐंशी मिनिटांच्या आरोपीला तेवढा वेळ द्यायला काय हरकत आहे?

आधी केस समजून घेऊ

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही रॉक बँड्सना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत असं सगळं एकत्र करून लांबलचक रचना करायला सुरुवात केली. यालाच प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. येस हा त्यातला पहिल्या फळीतला बँड, १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला. १९७२ साली त्यांचा 'क्लोज टू द एज' आला. त्यात फक्त तीन रचना, त्यातली एक रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरणारी. लोकांनी तो डोक्यावर घेतला.

मग डिसेंबर १९७३ मध्ये 'टेल्स' आला. दोन रेकॉर्ड्स, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना. अनुक्रमे सुमारे साडेवीस, साडेवीस, साडेअठरा आणि साडेएकवीस मिनिटं. एकूण बेरीज ८१ मिनिटांच्या वर. ब्रिटनमध्ये तो विक्रीत पहिल्या नंबरवर गेला, पण टीकाकारांनी झोडपला. पुढे १९७६-७७ च्या सुमारास पंक रॉक आलं, तेव्हा 'जुन्या बँड्सचा माज' दाखवायला सगळे याच अल्बमकडे बोट दाखवू लागले. कीबोर्डवादक रिक वेकमनला यातलं बरंच संगीत पटलं नव्हतं. तो स्वतः सांगतो, की मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात त्याच्या मदतनीसाने गैरसमजातून त्याच्यासाठी करी आणली आणि त्याने ती स्टेजवर, चालू कार्यक्रमात, कीबोर्डपाशी बसून खाल्ली! १९७४ साली त्याने बँड सोडला. (दोन वर्षांनी परत आला, पण हे सांगून कोणी हसत नाही, म्हणून हे कोणी सांगत नाही.)

आरोप पहिला : फार लांब आहे

पहिलं गाणं कराडच्या स्टँडवर सुरू केलं. मल्हारपेठच्या आसपास ते संपलं. खरं सांगते, काहीही कळलं नाही. पाटण येईपर्यंत दुसरं चालू होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते. कोयनानगरला उतरले तेव्हा अल्बम संपला होता आणि माझं मत होतं तसंच होतं.

रात्री रूममेटला फोन करून म्हटलं, "ऐकला बाई एकदाचा. लांबच आहे." त्यावर ती जे म्हणाली ते महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, "अगं, लांब म्हणजे कशाच्या तुलनेत?"

तिने अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण दिलं. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि त्यांची कबरही मिरजेतच आहे. त्यांच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड्स तीन-साडेतीन मिनिटांच्या. म्हणजे ते तेवढंच गात होते का? मुळीच नाही. मैफलीत एक ख्याल तासभरही चालायचा. रेकॉर्डच तेवढी होती म्हणून गाणं तेवढं झालं.

हे ऐकल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. गाण्याची 'नॉर्मल' लांबी म्हणजे बऱ्याचदा त्या काळच्या यंत्राची मर्यादा असते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. वीस मिनिटांची एक बाजू म्हणजे सुमारे ६६७ फेरे. बारा इंची तबकडीवर खाचा पाडायला मिळणारा पट्टा जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा. भागाकार करा, दोन फेऱ्यांमध्ये सरासरी ०.१३ मिलिमीटर अंतर मिळतं! आवाज मोठा हवा, बेस दणदणीत हवा तर खाच जास्त रुंद हेलकावते, म्हणजे जागा जास्त लागते. म्हणून चांगल्या आवाजाच्या एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. येसने हीच मर्यादा रचनेचा साचा म्हणून वापरली, बाजू संपते तिथे गाणं संपतं. म्हणजे हा अल्बम एका दमात ऐंशी मिनिटं ऐकायचा नव्हताच. दर वीस मिनिटांनी उठून तबकडी उलटायची होती. एसटीत सलग ऐकून मी त्याच्यावर अन्यायच केला होता.

आणि शेवटी, 'क्लोज टू द एज' एक अख्खी बाजू व्यापतो तेव्हा ती थोरवी, आणि 'टेल्स'ची प्रत्येक रचना साधारण तेवढीच असताना तो गुन्हा? नुसत्या लांबीवर शिक्षा देता येणार नाही. पहिल्या आरोपातून निर्दोष.

आरोप दुसरा : उसनं तत्त्वज्ञान

हा आरोप मला सगळ्यात खरा वाटायचा. अल्बमच्या कव्हरवर गायक जॉन अँडरसनने स्वतःच लिहिलंय, की १९७३ साली टोकियोच्या हॉटेलमध्ये परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचताना पान ८३ वरची एक लांब तळटीप त्याला दिसली आणि तिच्यावरून हा अल्बम सुचला. हे तेच पुस्तक, जे मराठीत 'योगी कथामृत' नावाने अनेक घरांत असतं. तळटीप आहे शास्त्रांबद्दल : श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. चार प्रकार, चार बाजू. एका तळटिपेवर ऐंशी मिनिटं! शिवाय कव्हरवर 'स्मृती'चं स्पेलिंग चुकून चक्क 'सुरिती' छापलंय. म्हणजे वरवरचंच काम ना?

पावसाने आमच्याकडे दोन दिवस रेंज नव्हती. फोनवर उतरवलेल्या या चार रचनांशिवाय ऐकायला काही नव्हतं. बाहेरच्या खोलीत आजोबा होते, म्हणून थोडी मस्करी करत त्यांना विचारलं, "आजोबा, श्रुती-स्मृती म्हणजे काय हो? गोऱ्यांनी गाणी केलीयत त्याच्यावर."

आजोबा म्हणाले, "अगं, दर वर्षी सत्यनारायणाला गुरुजी संकल्पात म्हणतात ना, श्रुति-स्मृति-पुराणोक्त. इतकी वर्षं काय ऐकत होतीस?" मग त्यांनी नीट सांगितलं. श्रुती म्हणजे ऐकलेलं, ऋषींना प्रकट झालेलं. स्मृती म्हणजे आठवणीत ठेवलेलं. पुराण म्हणजे जुनं. आणि तंत्र म्हणजे विधी, साधनेची पद्धत.

मी फोनमध्ये गाण्यांची नावं बघितली आणि गप्पच झाले. पहिलं, 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड', म्हणजे प्रकट होणारं ज्ञान. दुसरं, 'द रिमेंबरिंग', म्हणजे आठवणं. तिसरं, 'द एन्शंट', म्हणजे प्राचीन. चौथं, 'रिच्युअल', म्हणजे विधी. स्पेलिंग चुकलं असेल, पण शब्दांचे अर्थ त्या माणसाने बरोबर पकडले होते. आणि मी? शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना मला अजून पाठ आहेत, त्यांचे अर्थही सांगता येतील. पण घरात दर वर्षी कानावर पडणाऱ्या तीन शब्दांचा अर्थ मी कधी विचारलाच नव्हता. 'त्याने फक्त तळटीप वाचली' म्हणून मी हसत होते. मी तर तळटीपही वाचली नव्हती.

तरीही न्यायाने बोलायचं तर गाण्यांचे शब्द धूसर आहेत. त्यातून श्रुती किंवा पुराणांबद्दल कोणाला काही कळेल असं वाटत नाही. शब्दांचा नाद आधी, अर्थ नंतर, असा प्रकार आहे. एक तळटीप म्हणजे अभ्यास नव्हे. दुसऱ्या आरोपात समज देऊन सोडून द्यावं.

आरोप तिसरा : पाणी घातलंय

पाण्याच्या बाबतीत कोयनानगरच्या मुलीला कोणी काही शिकवू नये! हा आरोप खरा आहे. वेकमनचं म्हणणं होतं, की त्यांच्याकडचं संगीत एका रेकॉर्डसाठी जास्त आणि दोन रेकॉर्डसाठी कमी होतं, म्हणून ताणावं लागलं. सीडी असती तर त्यांनी पन्नास-साठ मिनिटांत आटोपतं घेतलं असतं आणि कोणी तक्रार केली नसती. (गंमत म्हणजे हा ८१ मिनिटांचा ऐवज एका सीडीवरही मावला नाही. तिथेही दोनच लागल्या.)

तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकताना मी वही घेऊन बसले. पहिली रचना भक्कम आहे. मंत्रासारख्या एका सुरातल्या म्हणण्याने सुरू होते, हळूहळू एकेक वाद्य येतं, आणि सुरुवातीच्या चाली नंतर वेगळ्या रूपात परत भेटतात. दुसरीत कीबोर्डचे ढग सुंदर आहेत, पण मधली काही मिनिटं ढग नुसतेच थांबून राहतात. पाणी आहे ते इथे. तिसरीचा पहिला मोठा भाग कर्कश आहे. तालवाद्यं आणि स्टीव्ह हाऊची स्टील गिटार जणू एकमेकांशी भांडतात. पण शेवटच्या सहा मिनिटांत हाऊ साधी अकूस्टिक गिटार घेतो आणि असं काही वाजवतो, की आधीचं भांडण माफ करावंसं वाटतं. चौथीत ख्रिस स्क्वायरचा बेस आहे, मग बाकीचेही ड्रम्सवर तुटून पडतात. तो गोंधळ संपला की एक अगदी हळुवार, साधं गाणं येतं. तो गोंधळ नसता तर त्या गाण्याची शांतता तेवढी जाणवली नसती.

ख्याल आणि यात फरक काय, हेही मग लक्षात आलं. ख्याल तासभर चालला तरी ऐकणाऱ्याच्या हाताला एक दोर असतो. मुखडा पुन्हा येतो, सम येते, मान डोलते. 'टेल्स'मध्येही दोर आहे. परत येणाऱ्या त्या चाली म्हणजेच दोर. पण तो पहिल्यांदा ऐकताना दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी सापडतो. हा बनवणाऱ्यांचा दोष आहे, ऐकणाऱ्याचा नाही. त्यात १९७३ च्या हिवाळ्यात त्यांनी हा अख्खा अल्बम, तो बाजारात येण्याच्याही आधीपासून, स्टेजवर वाजवायला घेतला. प्रेक्षकांच्या हातात दोर नव्हताच. ते वैतागले असतील तर त्यांना नावं का ठेवायची?

निकाल

म्हणून माझा निकाल असा. वाईट नाव काही अंशी रास्त आहे, पण चुकीच्या कलमाखाली. हा अल्बम लांब आहे म्हणून वाईट नाही आणि हिंदू शास्त्रांची नावं घेतली म्हणून ढोंगीही नाही. त्यात साधारण वीस मिनिटं पाणी आहे, एवढाच गुन्हा. त्यासाठी पन्नास वर्षं शिक्षा झाली. आता सुटका व्हायला हवी.

परत आल्यावर मी रूममेटला तिसरी रचना ऐकवली. ती शेवटपर्यंत डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "शेवटचं छान आहे. पण आधीचं एवढं भांडण कशाला?" म्हणजे तिला माझा निकाल मान्य नाही! पण तिने पूर्ण ऐकून सांगितलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायला मजा आली. रात्री दीडपर्यंत घातला. रेक्टर मॅडम, सॉरी!

तुम्हाला ऐकायचा असेल तर एका रात्री एकच बाजू ऐका, आणि सुरुवात चौथीपासून करा. चार रात्रींनंतर बोअर वाटला तर खुशाल बोअर म्हणा, मी भांडायला येईन. आणि हो, पुढच्या वेळी मेसच्या आमटीला नावं ठेवण्याआधी निदान एक वाटी पिऊन बघा.