दोष कंपायलरचा की ओल्या इंधनाचा?

मागच्या व्याख्यानात आपण व्याप्ती पाहिली. आज उपाधी पाहू, आणि उदाहरण घेऊ ते संगणकाचं.

समजा, सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. कंपायलर त्याचा मशीन कोड तयार करतो, आणि तो वेगाने चालावा म्हणून काटछाट, फिरवाफिरवही करतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. ते चालू ठेवलं की प्रोग्रॅम क्रॅश होतो, बंद केलं की नीट चालतो. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. प्रोग्रॅमर म्हणतो, मी माझ्या कोडला हात लावलेला नाही, बदललं ते फक्त ऑप्टिमायझेशन. म्हणजे कंपायलरच चुकीचा कोड काढतोय. अन्वय आहे, व्यतिरेकही आहे. मग अडलं कुठे?

नैयायिकांचं उदाहरण आठवा. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे बरोबर. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं म्हटलं, की तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो. अग्नी आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या इंधनामुळे, आणि हे ओलं इंधन म्हणजे उपाधी. आपल्याकडे ऑप्टिमायझेशन हा अग्नी आणि क्रॅश हा धूर. आता त्याच कंपायलरने, तेच ऑप्टिमायझेशन लावून तयार केलेले असंख्य प्रोग्रॅम बिनधुराचे चाललेले असतात, त्यांचं काय? तेव्हा ओल शोधायची ती आधी आपल्या कोडमध्ये.

ही ओल बहुतेकदा एकाच जातीची असते. सी भाषेचं मानक काही गोष्टींबाबत सांगतं, की प्रोग्रॅमने हे केलं तर पुढे काय व्हावं याचं कंपायलरवर कसलंच बंधन नाही. याचं नाव अनडिफाइंड बिहेव्हियर. ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणं, साइन्ड इंटिजरची बेरीज मर्यादेपलीकडे जाणं, नल पॉइंटरमधून वाचणं. असं काही घडणारच नाही, हे कंपायलर गृहीत धरतो आणि त्यावर पुढची काटछाट करतो.

2009 साली लिनक्स कर्नलच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये हे उघडकीस आलं. कोडमध्ये आधी पॉइंटरमधून एक मूल्य वाचलं होतं, आणि ‘पॉइंटर नल असेल तर परत फिरा’ ही तपासणी त्यानंतर होती. जीसीसी कंपायलरने विचार केला: ज्याअर्थी वाचलं, त्याअर्थी पॉइंटर नल नाही. मग तपासणी हवी कशाला? काढून टाकली. (ही चक्क अर्थापत्ती आहे, मीमांसकांना आवडली असती.) एरवी नल पॉइंटर वाचताना कर्नल तिथेच कोसळला असता. पण हल्लेखोराने शून्य पत्त्यावर आधीच मेमरी मांडून ठेवली, की वाचन निर्धोक पार पडतं, आणि त्याला अडवणारी तपासणी मशीन कोडमध्ये उरलेलीच नाही.

मानकाप्रमाणे जीसीसी निर्दोष. कर्नलवाल्यांनी ओळींचा क्रम बदलला, आणि अशा तपासण्या काढू नकोस असा पर्यायही कंपायलरला दिला. आम्हाला यातली पहिली दुरुस्ती खरी वाटते. नुसती दुसरी केली असती, तर लाकूड ओलंच राहिलं असतं. ऑप्टिमायझेशन बंद करून क्रॅश ‘सोडवणारे’ नेमकं हेच करतात.

मग कंपायलर कधीच दोषी नसतो का? असतो. पण ते ठरवायला प्रोग्रॅम सॅनिटायझर लावून चालवावा लागतो, आणि तो गप्प राहिला म्हणून इंधन कोरडं ठरत नाही. चाललेल्या वाटेवरचंच त्याला दिसतं. मग प्रोग्रॅम छाटत छाटत चार ओळींवर आणायचा, ज्या सूचनेवर क्रॅश झाला ती असेंब्लीमध्ये वाचायची आणि विचारायचं: मूळ कोडचा मानकाला धरून असा अर्थ लागू शकतो का? कुठल्याच वाचनाने लागत नसेल, तरच बोट कंपायलरकडे.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांचं सीस्मिथ हे साधन आपोआप सी प्रोग्रॅम लिहितं, आणि लिहितानाच अनडिफाइंड बिहेव्हियर टाळतं. म्हणजे इंधन आधीच वाळवून घेतलेलं. तोच प्रोग्रॅम निरनिराळ्या कंपायलरना द्यायचा. उत्तरं जुळली नाहीत, की कुणीतरी चुकलंय. 2011 च्या त्यांच्या निबंधात आधी माहीत नसलेल्या 325 हून अधिक चुका नोंदल्या आहेत. कॉम्पसर्ट हा कंपायलर गणिती सिद्धतेसह बांधलेला. त्याच्याही सिद्ध न केलेल्या भागांत काही चुका निघाल्या. सिद्ध केलेल्या मधल्या भागात मात्र सीस्मिथला एकही सापडली नाही.