बैलाची तुटलेली शीर आणि औषधी लेपाचा दोरा

नांगरट किंवा वखरणी चालू असताना बैल बुजून मागे सरला, की फाळ अगर वखराची पास मागच्या पायावर बसते. फाळ लागला म्हणून जखमेत हळद, चुना भरतात आणि चिंधी बांधून बैलाला गोठ्यात उभा करतात. जखम नुसती कातडीची असेल तर ती भरतेही. पण नळीच्या मागची शीर, म्हणजे कंडरा, तुटलेली असेल तर एवढ्याने भागत नाही. चांगला चालता बैल कायमचा अधू होतो.

कंडरा तुटल्याची खूण सोपी आहे. पाय टेकताना खुराचे टोक वर उचलते आणि खुरावरचा सांधा जमिनीकडे दबतो. नळीच्या पुढची कंडरा तुटली तर उलट होते, खूर मागे मुडपतो. पुढची कंडरा पाय नीट आवळून बांधल्यास बहुधा भरून येते. मागचीवर मात्र शरीराचा भार असतो, म्हणून तिला टाके लागतात.

कंडरेला रक्तपुरवठा थोडा, त्यामुळे ती सावकाश जुळते. त्यातच पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुटलेली टोके मऊ पडतात व दोरा त्यांतून कापत बाहेर येतो. म्हणून पशुवैद्यक नायलॉन किंवा पॉलिडायॉक्झॅनोनचा एकपदरी दोरा वापरतात, अडकवून घेणारा टाका घालतात आणि वरून प्लास्टर करतात. रेशमी दोरा येथे टाळलेला बरा. त्याच्या विणीत जंतू दडून बसतात.

आता दोऱ्यालाच औषधाचा लेप देण्याची कल्पना पुढे आली आहे. ट्रायक्लोसान या जंतुरोधकाचा लेप असलेले दोरे माणसांच्या शस्त्रक्रियेत वापरले जातात. ते दोऱ्यावर जंतूंची वस्ती होऊ देत नाहीत, पण त्यांनी कंडरा लवकर जुळते असे नाही. शिवाय त्यांतील पॉलिग्लॅक्टिनच्या दोऱ्याचा जोर तीन-चार आठवड्यांत ओसरतो. बैलाच्या कंडरेला हा काळ अपुरा आहे.

दुसरा प्रकार अधिक आशादायक आहे. शरीरात ऊती घडवण्यास चालना देणारी काही प्रथिने असतात, त्यांचा लेप दोऱ्याला देतात. टाक्याजवळच ते प्रथिन हळूहळू सुटते व पेशींना तंतू विणण्यास लावते. २००१ मध्ये जीडीएफ-५ या प्रथिनाचा लेप दिलेला दोरा उंदरांच्या टाचेच्या कंडरेत वापरून पाहिला गेला. जोड जाड झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे टाका सुटण्याचा धोका असतो तेव्हाच, बळकटी मिळावी हा यातला हेतू. पण उंदराचा पाय कुठे आणि चारशे किलोचा बैल कुठे! असा दोरा येईल म्हणून उपचार लांबवू नयेत.

कोणताही दोरा स्वच्छ, ताज्या जखमेतच काम करतो. पू झाला किंवा किडे पडले की टाका टिकत नाही. म्हणून जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी. चुना, तंबाखू, रॉकेल काहीही भरू नये. स्वच्छ फडके गुंडाळून बांबूच्या कामट्यांनी पाय बांधावा आणि शक्यतो सहा-आठ तासांच्या आत पशुवैद्यकांना दाखवावे. बैलाला चालवत नेऊ नये. वाहन करावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तेव्हाच विचारावे. प्लास्टर साधारण सहा आठवडे राहते, त्या काळात गोठ्यात कोरडा, जाड भुसा पसरावा. ते निघाल्यावर आधी हळूहळू फिरवावे. औताला जुंपण्याची घाई करू नये, त्याला काही महिने लागतात.