बॅग गार आहे, आणि बस सातची!

सकाळचे सव्वासहा. पहिलं लेक्चर आठचं, बस सातची आणि आईची डायलिसिसची बॅग अजून गारच! रात्री हीटिंग पॅडवर ठेवायची राहून गेली. तिकडे गीझर चालू आहे. बादलीभर कडकडीत पाण्यात बॅग बुडवली तर दहा मिनिटांत काम होईल, असं तुमच्या डोक्यात येतं ना? थांबा. तेवढं करू नका.

घरी कुणाचं पोटातून डायलिसिस, म्हणजेच पेरिटोनिअल डायलिसिस सुरू असेल, तर ही घाई तुमच्या ओळखीची असेल. मशीनवर रक्त शुद्ध करण्याऐवजी इथे पोटाच्या आतलं पातळ आवरणच गाळणीचं काम करतं. एका मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा आणि मग काढून टाकायचा. दिवसातून तीन-चार वेळा हेच. हॉस्पिटलच्या फेऱ्या वाचतात. पण नर्सचं काम घरच्यांवर, म्हणजे बऱ्याचदा तुमच्यावर येतं.

हा द्रव शरीराइतकाच, सुमारे ३७ अंश सेल्सिअस कोमट हवा. नाशिकच्या डिसेंबरात कपाटातली बॅग किती गार असते, हात लावून बघा. तसे दोन लिटर पोटात गेले की हुडहुडी भरते, पोटात कळ येते. उलट द्रव जास्त गरम असेल तर आतलं नाजूक आवरण भाजू शकतं, आणि तीच तर आपली गाळणी!

मग गरम पाणी का नको? कारण बॅगेच्या तोंडाशी ओल राहते आणि त्या ओलीतून जंतू आत शिरू शकतात. पोटात संसर्ग झाला तर थेट ॲडमिट व्हायची वेळ येऊ शकते. मायक्रोवेव्हही नको. त्यात द्रव सगळीकडे सारखा तापत नाही. वरून कोमट वाटलेल्या बॅगेत मध्येच चटका देणारा भाग असू शकतो.

उपाय साधा आहे: कोरडी ऊब. बाहेरचं प्लास्टिकचं वेष्टन न काढता बॅग हीटिंग पॅडवर किंवा बॅग वॉर्मरवर ठेवा. याला तास-दोन तास लागू शकतात, म्हणून मोबाइलवर अलार्म लावाच. मनगटाच्या आतल्या बाजूला बॅग टेकवून बघा. ना गार, ना गरम वाटली की झालं. मग हात धुवा, मास्क लावा, पंखा बंद करा. विदर्भातल्या मे महिन्यात पंखा बंद ठेवणं म्हणजे शिक्षाच, पण तेवढा वेळ सोसायचं! आणि हो, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत बॅग आपोआपच तापते, तेव्हा साठा थंड जागी हलवा.

आणि आज विसरलातच तर? बॅग पॅडवर ठेवा आणि वाट बघा. उशीर झाला तर काय करायचं, हे डायलिसिस नर्सला आधीच विचारून तिचा नंबर सेव्ह करून ठेवा. बाहेर काढलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखलं किंवा ताप आला, तर मात्र लगेच फोन करा.

पहिलं लेक्चर बुडेल कदाचित. नोट्स मित्राकडून मिळतील.