दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: लांबचा मार्ग लवकर कसा पोहोचवतो?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधले सर्वात कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को पार डाव्या टोकाला दिसते, त्यामुळे विमान युरोपवरून जात असेल असे वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की वेगळेच दिसते. तो दोरा तिबेट, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून अलास्काकडे उतरतो.

पण विमान या दोऱ्यावरून उडत नाही. तिबेटवर अडचण डोंगरांची आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे.

मग वेळ ठरतो कशावर? बराचसा वाऱ्यावर. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत सॅन फ्रान्सिस्कोला जाई आणि साडेसोळा तासांच्या आसपास वेळ घेई. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेले गेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला. भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग पहिल्या मार्गावर ताशी ८४० आणि दुसऱ्यावर ताशी १,०५० किलोमीटर पडतो. इंजिनाची ताकद वाढलेली नव्हती, वारा पाठीमागे होता एवढेच. परतीला हाच वारा समोरून येतो, म्हणून येताना पॅसिफिकचा फायदा मिळत नाही.

वाऱ्याइतकेच महत्त्व परवानगीला आहे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले आणि युनायटेडने याच मार्गावरची सेवा थांबवली. एअर इंडिया रशियावरून उडत राहिली. त्यातही जोखीम असतेच: जून २०२३ मध्ये तिचे दिल्लीहून निघालेले विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदान इथे उतरले आणि प्रवाशांना दुसऱ्या विमानाची वाट पाहत तिथे थांबावे लागले. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांना बंद झाल्यावर काही अमेरिका-फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबे घ्यावे लागले.

त्यामुळे इंटरनेटवर ‘अंतर भागिले वेग’ करून दिलेल्या तासांवर पुढच्या विमानाचे तिकीट काढू नये. वेळापत्रकातला वेळ पाहावा. तो विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटवर लागेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंतचा रांगता प्रवासही येतो. दोन्ही वेळा स्थानिक असतात, हेही विसरू नये. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. मे महिन्यात दिल्लीहून पहाटे ३ वाजता निघालेले विमान १६ तास उडाले, तर तिथे त्याच तारखेची सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकिटावर साडेतीन तासांचा प्रवास दिसतो तो असा.