केळीनं दिलेली साक्ष

एप्रिल २०१६ मधली संध्याकाळ. मिरजेहून लातूरला निघालेली पाण्याची आगगाडी टीव्हीवर दाखवत होते. दहा टाक्या, सगळ्या मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. आम्ही दोघं चहा घेत बघत होतो आणि मागच्या दारी, परसात, आमचा धबधबा खळखळत होता. ही उठली, पंपाचं बटण बंद करून आली आणि म्हणाली, "अहो, ऐकवत नाही आता."

धबधबा म्हणजे फार काही नव्हे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद असं एक तळं, त्याच्या वरच्या अंगाला चारेक मीटरचा ओहोळ आणि त्यात वीतभर-हातभर उंचीच्या तीन पायऱ्या. तळ्यातलं पाणी पंपानं वर न्यायचं आणि उतारानं परत तळ्यात यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांची कर्जं मंजूर केली, आता स्वतःच्या अंगणात एक चैन करावी, एवढाच त्यामागचा विचार. २०१५ च्या पावसाळ्याआधी काम पुरं झालं. छपरावरचं पाणी पन्हळीतून आणून तळं भरलं. तेच पाणी फिरतंय, नवं लागतंय कुठं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मागच्या दारी भांडी घासता घासता म्हणाल्या, "काका, ती केळ बघा. गल्लीतली सगळी झाडं माना टाकून उभी आहेत आणि हिला नवा पोंगा आलाय. हिला पाणी कोण घालतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"असं कसं? कुणीतरी घालतंय."

पुण्यात तेव्हा एक दिवसाआड पाणी होतं. मावशींच्या वस्तीत ते कधी रात्री एकला, कधी पहाटे चारला येई आणि त्या हंडे घेऊन जागत बसत. त्यांनी हा प्रश्न सहज विचारला होता, पण तो माझ्या घशात अडकला.

मी हिशेबाचा माणूस. वही काढली. तळ्याचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की साठ लिटर पाणी गेलं. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ होते. ती उन्हाची वसुली, तिला इलाज नाही. त्याहून जास्त जाईल ती गळती.

पहिल्या दिवशी पंप चालू ठेवला. चोवीस तासांत पातळी पाच सेंटीमीटर उतरली. दुसऱ्या दिवशी बंद ठेवला. पातळी एकच सेंटीमीटर उतरली. म्हणजे तळं निर्दोष होतं आणि चोर ओहोळात होता. दिवसाला दोनशे चाळीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सोळा बादल्या!

मग हे इतके महिने कळलं कसं नाही? पावसाळ्यात वरून भर पडत होती. नंतर तळ्याला बसवलेला फ्लोट व्हॉल्व्ह पातळी उतरली की बोअरचं पाणी गुपचूप आत सोडत होता. मार्चअखेर बोअरनं हात टेकले तेव्हा कुठं तूट उघडी पडली. बँकेत असं खातं मी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तपासणी लावली असती. रोजची तूट दुसऱ्या खात्यातून भरून निघते आणि शिल्लक मात्र कायम बरोबर दिसते, याहून धोक्याचं लक्षण नाही. स्वतःच्या परसात ते मला दिसलं नाही.

केळ दुसऱ्या पायरीच्या मागे होती. तिथलेच दगड गवंड्याला बोलावून उचलले. खाली शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा काळा कागद होता. दोन तुकडे एकमेकांवर चढवलेले, पण उलटे! खालचा तुकडा वर आणि वरचा खाली. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं, हे गवंड्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण काम चालू असताना मी त्याच्याशी दगडांच्या रंगावरून वाद घालत होतो, सांध्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

दुसरा दोष दगडाचा. पाणी काठावरून सरळ खाली पडतं असं आपण धरून चालतो. ते तसं पडत नाही. धार बारीक असली की ते दगडाला चिकटून खालच्या अंगानं मागे मागे सरकतं. चहाच्या किटलीच्या तोटीवरून ओघळ खाली उतरतो ना, तसंच. छज्जाच्या खालच्या बाजूला गवंडी बारीक खाच ठेवतात ती याचसाठी. खाच आली की थेंब पुढे सरकत नाही, तिथंच गळून पडतो.

तिसरा दोष माझा. पायरी रुंद दिसावी म्हणून मी चाळीस सेंटीमीटरचा दगड निवडला होता. भरदार चादर पडायची तर काठाच्या दर सेंटीमीटरला तासाला साधारण दीडशे लिटर पाणी लागतं, म्हणजे सहा हजार लिटर. आमच्या पंपावर तीन हजारांचा आकडा छापलेला, आणि तोही पाणी वर चढवायचं नसतं तेव्हाचा. मग पाणी चिकटणार नाही तर काय करणार?

काश्मीरच्या शालिमार बागेत, जहांगीरनं १६१९ मध्ये जिचं काम सुरू केलं त्या बागेत, उतरत्या कोरीव शिळांवरून पाणी खेळवलं आहे. त्या उतरणीला 'चादर'च म्हणतात. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या आदिलशाही बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' अशा दोन धारा पावसाळ्यात कोसळतात आणि बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल कोरडा राहतो. पुण्यात तर १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, निव्वळ उताराच्या बळावर. त्या माणसांनी आधी पाण्याचा स्वभाव ओळखला, मग दगड रचला. मी आधी दगड निवडला होता.

दुरुस्तीत कागदाचा वरचा तुकडा खालच्यावर हातभर चढवून चिकटवला. दोन्ही कडा पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर उचलून मातीत दाबल्या. वीस सेंटीमीटरचा दगड काठाबाहेर चार बोटं येईल असा बसवून त्याच्या पोटाला खाच पाडली आणि खालची पोकळी वाळू-सिमेंटनं भरली. एक गोष्ट तेव्हा पक्की समजली. पाणी अडवतो तो कागद. सिमेंट किंवा दारं-खिडक्या बसवताना वापरतात तो फुगणारा फेस पाण्याला फक्त वाट दाखवतो. नुसत्या सिमेंटच्या भरवशावर राहिलं की माती बसते, तडा जातो आणि पाणी पुन्हा आपल्या वाटेनं निघून जातं.

काम झालं, पण धबधबा मी सुरू केला नाही. गप्पी मासे टिपात ठेवले होतेच. ताज्या सिमेंटचा क्षार त्यांना मारतो, म्हणून ओहोळ दोनदा धुऊन ते पाणी टाकून द्यावं लागतं. त्या मे महिन्यात पाणी टाकून देणं मला जमलं नसतं. तळ्यातलं उरलेलं पाणी बादल्यांनी झाडांना घातलं. परस ओकंबोकं झालं. "चुकचुकल्यासारखं वाटतं हो," असं हीच एकदा म्हणाली.

जूनमध्ये पाऊस आला, ओहोळ त्यानंच धुतला, तळं छपराच्या पाण्यानं भरलं. पंप चालू-बंद करून पुन्हा दोन दिवस मापं घेतली. ताळा जुळला.

फ्लोट व्हॉल्व्ह मी काढून टाकला. आता तळ्याच्या कडेला एका दगडावर पांढरी रेघ आहे आणि तूट होईल ती डोळ्यांना दिसते. पंप संध्याकाळी तासभर चालतो. होळीनंतर बंद करतो, तो पावसाळ्यापर्यंत.

केळ मात्र पुढच्या उन्हाळ्यात सुकायला लागली. तिला भांड्यांचं पाणी जाईल असा पाट मावशींनीच खणून दिला. म्हणाल्या, "काका, हिनं चोर पकडून दिला. हिचं पाणी तोडू नका."